अर्धी गोळी

ठकूचा जबडा अंगठ्याने उघडून चष्मेवाल्याने लोण्यात लपेटलेली अर्धी गोळी तिच्या जिभेच्या पार मागे ढकलली, लगेच तोंड मिटवून धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या गळ्यावरून हळूहळू खाली फिरवत राहिला. ठकूने डोळे बारीक केले. आवंढा गिळला. नाक चाटलं. झालं एकदाचं, असं म्हणून त्याने हात सैल सोडला, तशी मान वाकडी करून तिने गोळी त्याच्या मांडीवर काढून ठेवली. लोणी तेवढं खाल्लं होतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "लोणी कशाला वाया घालवायचं."

गोळी आता मऊ पडली होती आणि तिला केस चिकटले होते. त्याने ती चिमटीत धरून साफ केली, पुन्हा लोण्याचं बोट लावलं आणि ठकूला गुडघ्यांमध्ये जरा जास्त घट्ट धरलं. चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून काचा घासणं, त्या फ्रेमच्या मापाला आणणं, हे त्याचं काम. केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळायचा. पण काच हातात निमूट बसते आणि ठकूला मागचे दोन पाय होते. ते तिने त्याच्या मनगटावर यथेच्छ चालवले. या खेपेला मात्र त्याने तोंड सोडलं नाही. गोळी गेली. ठकू कपाटावर उडी मारून बसली आणि त्याच्याकडे पाठ करून अंग चाटायला लागली.

मनगटावर तीन रेघा उमटून त्यांतून रक्त येत होतं. त्याने ते नळाखाली धरलं, लोण्याचा डबा झाकला, गोळ्यांची तपकिरी बाटली फळीवर चहाच्या डब्याशेजारी होती तशी ठेवली आणि फरशीवरचे केस गोळा केले. दुकानात पोहोचायला उशीर होणार होता, मालक चार शब्द ऐकवणार होता. तरी खरं सांगायचं तर चष्मेवाला खुशीत होता. जिना उतरताना तो स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता, आणि ही गोष्ट त्या जिन्याने बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

हे गोळीचं काम त्याला बायकोने सांगितलं होतं.

त्याची बायको बालवाडीत शिकवायची. तिथली मुलं तिला बाई म्हणत, मुलांचे आईबाप बाई म्हणत, त्यामुळे भाजीवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्याच त्या बाई झाल्या होत्या. बाई उजाडता उजाडता घर सोडत आणि दुपारी जेवायला परत येत. चष्मेवाला त्या गेल्यावर उठे, दहाच्या सुमाराला निघे आणि संध्याकाळी येई. दोघं एका घरात राहत होते, एका टेबलावर रात्रीचं जेवत होते, आणि पाच वर्षं झाली, एकमेकांशी बोलत नव्हते.

अबोला म्हटलं की घर मुकं असेल असं वाटतं. तसं काही नव्हतं. घरात बोलणं भरपूर होतं, फक्त ते सगळं ठकूशी होतं. सुरुवातीला रीतसर निरोप असत. "ठकू, त्यांना सांग, वाढलंय म्हणावं." "ठकू, तिला सांग, नळवाला येऊन गेला." पुढे 'सांग' गळून पडलं, मग 'त्यांना' आणि 'तिला'ही गळून पडलं. ठकूकडे बघून बोललं की ते समोरच्यासाठी असतं, हे दोघांच्या अंगवळणी पडलं. "ठकू, दूध नासलंय," असं बाई म्हणत, आणि चष्मेवाला चपला घालून दूध आणायला निघे. "ठकू, उद्या मला यायला उशीर होईल," असं तो म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं ताट झाकून ठेवलेलं असे. ठकूला या कशाशी काही देणंघेणं नव्हतं. ती खिडकीत बसून समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांवर डोळा ठेवी आणि तिच्या डोक्यावरून यांचा संसार चाले. भिंतीपलीकडच्या काकू सगळीकडे सांगत फिरायच्या की या नवराबायकोला मांजराचं फारच वेड आहे हो, सदान्‌कदा तिच्याशीच बोलत असतात.

ठकू मुळात बाईंच्या आईची. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ती लेकीकडे राहायला आली आणि येताना टोपलीत घालून ठकूला घेऊन आली. जावयाचं आणि तिचं चांगलं जमायचं. तो तिच्या चष्म्याची काच पुसून द्यायचा आणि ती त्याला म्हणायची, आता तुम्ही आणखीच काळे दिसायला लागलात. हाड जुळलं, पण हृदय थकलं होतं. दिवसातून तीनदा गोळ्या होत्या, आणि त्या बाई स्वतः देत. एकदा मात्र बाईंना शिक्षकांच्या कसल्याशा बैठकीला दिवसभर बाहेरगावी जावं लागलं. निघताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "दुपारची तेवढी द्या. जेवल्यावर लगेच."

तो दुपारी दुकानातून मुद्दाम घरी आला. म्हातारीला वाढलं. गोळी बशीत काढली, पेल्यात पाणी ओतलं, वर झाकण ठेवलं. तेवढ्यात दुकानातून फोन आला. एका गिऱ्हाइकाची काच बसत नव्हती, त्याला त्याच दिवशी परदेशी जायचं होतं आणि तो आरडाओरडा करत होता. म्हातारीचा घास अजून तोंडात होता. "आलोच पाच मिनिटांत, मग गोळी घेऊ," असं म्हणून चष्मेवाला गेला. एक काच झाली, मग दुसरी निघाली, आणि त्याच्या डोक्यातून ती गोळी साफ उतरली. संध्याकाळी तो आला तेव्हा म्हातारी खुर्चीतच होती, मान एका बाजूला कलली होती आणि ठकू तिच्या मांडीवर बसली होती. बशीतली गोळी बशीत होती.

डॉक्टर म्हणाले, एका गोळीने असं काही होत नाही, हे आज ना उद्या होणारच होतं. बाईंनी ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढंसं काम होतं." त्यानंतर त्या त्याच्याशी काही बोलल्या नाहीत. आधी त्याला बोलायला तोंड नव्हतं. मग त्याला राग आला, की डॉक्टरांनी सांगूनही हिला पटत नाही म्हणजे काय. मग रागही शिळा झाला आणि नुसती सवय उरली. पण ते वाक्य काही गेलं नाही. काच घासताना चाकावर पाणी पडायचं आणि मधेच कधीतरी त्याला ते ऐकू यायचं.

अशात ठकू आजारी पडली. आजारी म्हणजे अंथरूण धरलं असं नाही, उलट अंगात आल्यासारखं झालं. दुप्पट खायची आणि रोज आणखी वाळत जायची. दिवसभर घरातून येरझाऱ्या घालायची, दाराशी उभी राहून घसा फोडायची, पडद्यावर चढायची. चष्मेवाल्याच्या सुट्टीच्या दिवशी बाई तिला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा तो टेबलाशी पेपर वाचत बसला होता. बाईंनी टोपली फरशीवर ठेवली, पर्समधून तपकिरी काचेची मोठी बाटली काढून टेबलावर, अगदी त्याच्या कपाशेजारी ठेवली आणि टोपलीचं झाकण उघडलं. ठकू तळाशी अंग चोरून बसली होती आणि घशातल्या घशात गुरगुरत होती. बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या.

"रोज सकाळी अर्धी गोळी," त्या म्हणाल्या. "एक दिवसही चुकवायची नाही. कळलं? डॉक्टरांनी बजावलंय. नाटकं चालायची नाहीत."

चष्मेवाल्याने पेपर खाली घेतला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्या कधीच पाहत नसत. बाटली त्याच्या कपाला टेकून उभी होती. तो उठून बाल्कनीत गेला आणि कठडा धरून उभा राहिला. डोळे भरून आले होते आणि रस्त्यावरच्या गाड्या नीट दिसत नव्हत्या. पाच वर्षांनी बाईंनी पुन्हा त्याच्या हातात गोळी दिली होती. माफ केलं असं त्या तोंडाने कधी म्हणाल्या नसत्या, तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्याला एवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. दुकानातलं एक जुनं पातं त्याने घासून घरी आणलं, त्याने गोळी मधोमध कापली जायची. पहिले काही दिवस तोंडात कमी आणि जमिनीवर जास्त, असा हिशेब होता. दुकानात मनगटावरच्या रेघा बघून मालक म्हणाला, "मांजर पाळलंय की वाघ?" चष्मेवाला म्हणाला, "वाघ परवडला." हळूहळू त्याला युक्त्या समजत गेल्या. आधी लोणी नुसतं द्यायचं आणि मग गोळीचं. ती जांभई देते तेव्हा सावध असायचं. सुट्टीच्या दिवशी बाई बाजारात गेल्या की उरकून घ्यायचं, कारण आपल्याला गोळीमागे धावताना त्यांनी पाहावं असं त्याला वाटत नव्हतं. काम नीट झालेलं दिसावं, धडपड दिसू नये. एकही सकाळ त्याने चुकवली नाही. एकदा ताप होता तरी उठला.

आणि गुण आला. ठकूचं ओरडणं थांबलं, येरझाऱ्या थांबल्या. अंगावर थोडं मांस चढलं. ती खिडकीत शांत बसायला लागली, रात्रीची झोपायला लागली. एका सकाळी त्याने तिला गुडघ्यांमध्ये घेतलं आणि ती हललीसुद्धा नाही. तोंड उघडलं, गोळी ठेवली, तिने गिळली. नखं आतच राहिली. त्याचा विश्वास बसेना. त्याने पुन्हा तोंड उघडून जिभेखाली पाहिलं, गोळी खरोखर गेली होती.

"आता कसं," तो म्हणाला आणि तिच्या कपाळावर बोट घासलं.

त्या रात्री जेवताना बाई ठकूला म्हणाल्या, "ठकू, हल्ली अगदी शहाण्यासारखी गोळी घेतेस हं."

चष्मेवाल्याच्या हातातला घास तसाच राहिला. पाच वर्षांत त्याच्या वाट्याला आलेली ही पहिली शाबासकी होती. त्याने आणखी भात वाढून घेतला.

मग ठकू जास्तच शांत झाली. आधी तिने कपाटावर चढणं सोडलं. एकदा तिने उडी घेतली, पुढचे पाय काठाला लागले आणि ती घसरून खाली आली. काही क्षण ती वर बघत बसली, आणि पुन्हा कधी तिने त्या कपाटाकडे पाहिलं नाही. कबुतरं गच्चीवर येऊन जायची, ती मान वर करायची नाही. दाराशेजारी चपला ठेवायची जागा होती, तिथे चपलांमध्ये जाऊन ती झोपायची. अंगावरचे केस राठ झाले. खाणं नुसतं हुंगून सोडून द्यायला लागली. सकाळी तो तिला उचलायचा तेव्हा तिचे पाय लोंबायचे आणि कान गार लागायचे. गोळी मात्र ती बिनतक्रार घ्यायची. इतकी, की तोंड उघडायला अंगठाही लावावा लागत नसे.

"ठकू, काय होतंय गं तुला?" एका संध्याकाळी बाई म्हणाल्या.

"वय झालं ठकू तुझं," चष्मेवाला म्हणाला. मग त्याने चपलांमधून तिला उचललं आणि त्याला त्याच्याच बोलण्याची भीती वाटली. "उद्या तुला दाखवून आणतो."

"ठकू, टोपलीत जुना टॉवेल घाल," बाई म्हणाल्या. "थंडी वाजेल."

सकाळी त्याने टॉवेल घातला. दुकानात कळवलं. निघण्याआधी गोळी दिली.

प्राण्यांची डॉक्टर वयाने लहान होती, बोलायला सरळ होती. तिने ठकूला टेबलावर ठेवलं, हिरड्या पाहिल्या, पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी उभीच राहिली, मग सावकाश खाली गेली. डॉक्टरने रक्त घेतलं आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर एका माणसाच्या मांडीवर कुत्रा होता. तो टोपलीकडे बघून भुंकला. ठकूने डोळेही उघडले नाहीत.

डॉक्टरने त्याला आत बोलावलं तेव्हा तिच्या हातात कागद होता आणि ती त्याच्याकडे न बघता कागदाकडे बघत होती.

"किती गोळी देता?"

"अर्धी. रोज सकाळी."

"नक्की अर्धीच?"

"मधोमध कापतो. काचकाम करतो मी, माप चुकत नाही माझं."

"मग हे असं कसं?" ती म्हणाली. "थायरॉइड ग्रंथीचं काम जवळजवळ बंद पडलंय हिच्या, ते जरा कमी करायला गोळी होती. अर्ध्या गोळीने एवढं नाही होत. बाईंचा मधे फोन आला होता. खूश होत्या. पहाटे शाळेत जायच्या आधी माशाच्या पाण्यात कुस्करून ड्रॉपरने पाजते, आता अजिबात त्रास देत नाही, म्हणाल्या."



"मी लोण्यात देतो," तो म्हणाला.

डॉक्टरने कागद खाली ठेवला.

"तुम्ही देता की त्या देतात?"

"मी देतो. दहाला. कामावर जायच्या आधी."

"आणि त्या पहाटे देतात."

डॉक्टरने ठकूच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि मग सगळं समजावून सांगितलं. मांजराची किडनी आधीच कमजोर असावी, या वयात असते. गोळी बेताची असती तर निभावलं असतं. दुप्पट गोळीने शरीर इतकं मंदावलं की किडन्यांना पुरेसं रक्तच पोहोचलं नाही. गोळी आजपासून बंद. कातडीखाली सलाइन द्यायचं, रोज, घरीच. इथे आणण्याने ती आणखी थकेल.

"एकट्याला जमणार नाही," ती म्हणाली. "एकाने धरायचं, एकाने सुई लावायची. बघा, दाखवते."

"वाचेल?"

"आशा लावत नाही मी," ती म्हणाली. "आधी तिला त्रास होत होता म्हणून ती भांडत होती. ती शांत झाली तेव्हाच आणायला हवी होती."

बसमध्ये त्याने टोपली मांडीवर घेतली. पायाशी पिशवी होती, पिशवीत सलाइनच्या बाटल्या, नळ्या आणि सुया. सुरुवातीचे काही थांबे त्याच्या डोक्यात काही नव्हतंच. मग हळूहळू राग चढायला लागला. बाईंनी त्याला गोळी द्यायला सांगितली आणि स्वतःही देत राहिल्या. सांगून सवरून विश्वास नाहीच. हा विसरणार, याच्या भरवशावर नको, म्हणून पहाटे उठून आपणच घालायची, आणि वर रात्री जेवताना शाबासकी द्यायची. पाच वर्षं तो मान खाली घालून जगला होता. आता एका मांजराचा जीव जायची पाळी आली तरी हिची पाळत सुटली नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मांजर आहे का हो?" त्याने मान खिडकीकडे वळवली. तेव्हा त्याला खरोखर बायकोचा तिरस्कार वाटत होता.

घरी येऊन त्याने टोपली टेबलावर ठेवली. खुर्चीत बसला. पंखा लावायचं सुचलं नाही. दुपारी दारात किल्ली फिरली आणि बाई आत आल्या. खांद्याला झोळी होती आणि बोटांना मुलांच्या रंगाचे निळे डाग होते. या वेळी नवरा घरी पाहून त्या क्षणभर थबकल्या. मग चपला काढता काढता टोपलीकडे बघून म्हणाल्या, "ठकू, काय म्हणाल्या गं डॉक्टर?"

"तू पण देत होतीस," चष्मेवाला म्हणाला.

आवाज खरखरीत निघाला. बाईंनी सवयीने आधी ठकूकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"पहाटे तू, माशाच्या पाण्यात," तो म्हणाला. "आणि दहाला मी, लोण्यात. रोज. दुप्पट गेलीय तिला. किडन्या संपल्यात म्हणाल्या डॉक्टर."

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. एक चप्पल अजून पायात होती. "तुम्ही कशाला दिलीत?"

"कशाला म्हणजे? तूच सांगितलंस. आणि सांगितलंस तर विश्वास ठेवायचास. एकदा चुकलो म्हणून जन्मभर पाठीमागून तपासत राहायचं? एक दिवस चुकवला नाही मी. तापात उठून दिली."

"मी कधी सांगितलं तुम्हाला?"

"दवाखान्यातून तिला आणलंस त्या दिवशी. इथेच बसलो होतो मी. बाटली माझ्या कपाजवळ ठेवलीस, टोपली उघडलीस आणि म्हणालीस, रोज सकाळी अर्धी गोळी, एक दिवसही चुकवायची नाही."

बाई आठवत राहिल्या. चष्मेवाल्याने त्यांचा चेहरा इतक्या जवळून बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तो चेहरा वयस्कर झाला होता. त्या चेहऱ्यावर आधी नुसता गोंधळ होता, मग त्यांना आठवलं, आणि आठवल्याचं त्याला दिसलं.

"ते मी ठकूला सांगत होते," बाई म्हणाल्या.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"घाबरली होती ती," बाई म्हणाल्या. "टोपलीतून बाहेर येईना. म्हणून बोलत होते. मुलांशी बोलते तसं. तुम्ही ऐकताय हे माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं."

चष्मेवाल्याचा राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. तो असता तर बरं झालं असतं. म्हणजे बाटली नुसती टेबलावर ठेवली होती, जिथे जागा मिळाली तिथे. बाल्कनीत उभं राहून तो रडला तो उगाच. त्याच्या हातात कुणी काही दिलं नव्हतं. ती शाबासकीही ठकूचीच होती, आणि ती शहाण्यासारखी गोळी घेत होती कारण तिच्यात जीव राहिला नव्हता. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला.

"मला गोळी द्यायला सांगितलंच नसतंस," तो म्हणाला.

बाईंनी दुसरी चप्पल काढली, दोन्ही चपला भिंतीशी सरकवल्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

खोटं बोलणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. पण एवढं बोलून त्या आत गेल्या नाहीत. टेबलाशी आल्या, टोपलीत हात घालून त्यांनी ठकूला टॉवेलसकट बाहेर घेतलं आणि तिच्या कानांना हात लावला. कान गार होते. त्यांची बोटं तिच्या बरगड्यांवरून फिरली, पोटावर आली आणि तिथे थांबली. त्यांचं नाक लाल झालं होतं.

"मला का नाही दिसलं?" त्या म्हणाल्या. "वर्गात एखादं दंगेखोर पोर गप्प बसलं तर मी आधी कपाळाला हात लावून बघते. आणि हिला मी शहाणी म्हटलं."

चष्मेवाल्याने पिशवी उघडली. बाटली काढली, नळी जोडली, नळीतली हवा काढून टाकली. सुईचं टोपण काढलं आणि सुई टेबलावर बाईंच्या बाजूला ठेवली.

"डॉक्टरांनी रोज द्यायला सांगितलंय," तो म्हणाला. "आज लगेच. तू लाव. मी धरतो."

बाईंनी सुई उचलली. त्यांनी ठकूच्या मानेवरची कातडी उचलली, सुई जवळ नेली आणि तशाच थांबल्या. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थांबल्या.

"तुम्हाला दाखवलंय ना त्यांनी?"

"हो."

बाईंनी सुई त्याच्या हातात दिली.

त्याने बाटली खिडकीच्या कडीला टांगली. बाईंनी ठकूला टॉवेलात गुंडाळून छातीशी घेतलं, एक हात पुढच्या पायांवर, एक मागच्या, कोपर अंगाशी दाबून, जशा त्या पहाटे इतके दिवस धरत आल्या असतील तशा. चष्मेवाल्याने दोन खांद्यांच्या मधली कातडी उचलली आणि सुई तिरकी आत घातली. ठकू हलली नाही. नळीतून थेंब पडायला लागले आणि कातडीखाली हळूहळू फुगवटा आला.

"थोडी सैल सोडलीस तरी चालेल," तो म्हणाला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "पाय ओढून घेईल ती."

त्याने सुई धरून ठेवली, आणि बाईंनी ठकूला. ते दोघं एकमेकांच्या इतके जवळ उभे होते की बाईंचा श्वास त्याच्या मनगटाला लागत होता. बाटलीतलं पाणी कमी होत गेलं. दोघंही ठकूच्या मागच्या पायांकडे बघत, ती ओढायची वाट पाहत राहिले.